ढिगाऱ्यातली शिट्टी

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला हात जोडणार नाही. ज्यांना ही रचलेली गोष्ट वाटेल त्यांनी इथेच सोडून द्यावी. मला राग येणार नाही.

पण मी तिथे होतो.

माझ्या हातात लाल झेंडी होती आणि माझ्या सख्ख्या भावाच्या हातात मशीन.

वार मंगळवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं सगळे म्हणतात. ही दिवसाढवळ्या घडली. सलग सहा दिवस. आजूबाजूला शंभर-सव्वाशे माणसं असताना.

डोंगर कापून जुना अरुंद रस्ता रुंद करायचं काम होतं. आम्ही दोघं भाऊ तिथे ऑपरेटर. मी धाकटा.

आधी थोडं मशीनविषयी सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. बाहेरच्या माणसाला पिवळं काही दिसलं की ते जेसीबीच. आम्हाला ऐकून हसू येतं. अहो, प्रत्येकाचं काम वेगळं. पोकलेन चेनवर चालतो, त्याला लांब हात असतो, हाताच्या टोकाला बकेट आणि बकेटला पाच दात. तो खणतो. डोझरला पुढे भलंमोठं लोखंडी पातं. तो ढकलतो. कडक जमीन असेल तर मागचा आकडा रुतवून उकरतो. लोडर तो माल उचलून भरतो, डंपर वाहून नेतो. मग येतो ग्रेडर. त्याच्या पोटाखाली तिरकं पातं असतं, तो रस्ता तासून सपाट करतो. सगळ्यांचं सगळं झालं की शेवटी येतो रोलर. तो फक्त दाबतो.

रोलरवर मी.

दादा पोकलेनवर.

आणि वहिनी... वहिनी जमिनीवर.

वहिनीचं काम सिग्नलचं. डंपर मागे घेताना ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. कड्यापासून चाक वीतभर लांब आहे की संपलाच रस्ता, हे बाहेर उभ्या माणसानेच सांगायचं. हातात झेंडी, गळ्यात शिट्टी. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे येऊ दे. एक छोटी म्हणजे बस, थांब. एक लांब म्हणजे सगळ्यांनी मशीन बंद करा.

वहिनीची शिट्टी डोळे मिटून ओळखता यायची. तिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. शिट्टी थांबवताना त्या फटीतून हवा निसटायची. बाकीच्यांची वाजायची टुर्र. तिची वाजायची...

टुर्र... स्स.

दादा चिडवायचा, "माझ्या बकेटच्या दातांतसुद्धा एवढी फट नाही गं."

"मग बकेटशीच लग्न करायचं होतंत," वहिनी म्हणायची.

त्यांचं जमलं तेही साइटवरच. तिची पाण्याची बाटली उतारावरून घरंगळत खाली गेली होती. दादाने बूम, म्हणजे पोकलेनचा हात, लांब केला, बकेटच्या एका दातात बाटलीचं कडं अलगद अडकवलं आणि बाटली थेट तिच्या नाकासमोर आणून धरली. वीस टनांचं मशीन, आणि बाटलीला पोचा नाही. सगळी साइट हसली. ती हसली नाही. तिने शिट्टी तोंडाला लावली आणि एकदाच वाजवली.

बस.

तीन महिन्यांनी लग्न झालं.

मला ती 'लाटणेवाले भाऊजी' म्हणायची. "काय लाटणेवाले भाऊजी, आज किती लाटला रस्ता?" साइटवर रोलरवाल्याला कुणी मोजत नाही, पण माझी मान तिने कधी खाली जाऊ दिली नाही. घरात शेवटचा घास नेहमी माझ्या ताटात यायचा. आई गेल्यावर मला वाढवलं ते दादाने. पण मी जेवलो की नाही हे विचारायला लागली ती वहिनी.

असो.

त्या मंगळवारच्या आधी आठ दिवस पाऊस लागून होता. सोमवारी संध्याकाळी उघडला. साइटचे साहेब म्हणाले, उद्या सकाळी काम सुरू.

पावणेसातला आम्ही तिघं एकत्रच खोलीतून निघालो. मी रोलरकडे गेलो, तो पार दुसऱ्या टोकाला उभा होता. दादा डिझेलच्या टँकरजवळ थांबला. वहिनी पहिल्या डंपरबरोबर पुढे गेली. डंपरवर मास्तर होता. हा कुठल्या शाळेतला मास्तर नव्हे. जेवणाच्या सुट्टीत पेपर मोठ्याने वाचून दाखवायचा, म्हणून मास्तर.

मी रोलर चालू केला.

आधी आवाज आलाच नाही. आधी पक्षी उडाले. सगळे एकदम.

मग डोंगराचा अर्धा उतार... चालायला लागला.

पडला नाही. चालत खाली आला. झाडं उभीच होती त्याच्यावर. उभ्या झाडांसकट तो आला, रस्ता ओलांडला आणि खालच्या ओढ्यापर्यंत गेला.

मग थांबला.

जिथे डंपर होता तिथे माती होती. जिथे वहिनी होती तिथेही माती होती. दोन मजली घराएवढी.

दादा टँकरजवळून पळत आला. पायांत चप्पलही राहिली नव्हती. तो ढिगाऱ्यावर चढून दोन्ही हातांनी माती उपसायला लागला. मी त्याला मागून मिठी मारली. तो ओरडत नव्हता. नुसता उपसत होता.

"दादा, मशीन आण," मी म्हणालो. "हातांनी नाही होणार. मशीन आण."

तेव्हा कुठे तो थांबला.

दुपारपर्यंत बचावाचं पथक आलं. त्यांच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणत. शांत माणूस. त्याने पहिल्यांदा डोझर लावून वाट मोकळी केली. मग वरून पोकलेन, थोडी थोडी माती काढायला. लोडर आणि डंपर माल लांब टाकायला. ग्रेडर आणि रोलर बाजूला. ढिगाऱ्यात माणसं असताना दाबायच्या मशीनचं काय काम?

म्हणून मी रिकामा होतो. म्हणून झेंडी माझ्या हातात आली. वहिनीच्या जागी, दादाच्या मशीनसमोर मी उभा राहिलो.

कॅप्टनने आणखी एक केलं. साइटवरच्या सगळ्या शिट्ट्या काढून घेतल्या. त्याच्याकडे एक भोंगा होता. तो वाजला की सगळी मशीनं बंद, बोलणं बंद, चालणंही बंद. दोन मिनिटं फक्त ऐकायचं. आत कुणी जिवंत असेल तर ठोकेल, हाक मारेल.

"दुसरा कुठलाही आवाज नको," तो म्हणाला. "शिट्टी तर नकोच."

हे लक्षात ठेवा. साइटवर कुणाच्याही गळ्यात शिट्टी नव्हती.

मंगळवारी बारा-पंधरा वेळा भोंगा वाजला. बारा-पंधरा वेळा सगळं बंद झालं. गरम इंजिनं टिकटिक करत निवायची. कुठेतरी ढेकूळ सुटायचं.

बाकी काही नाही.

बुधवार उजाडला. सकाळचे अकरा वाजले असतील. दादाची बकेट डावीकडे वळली, खाली यायला लागली. दात मातीला टेकणार...

टुर्र... स्स.

माझी मान आपोआप वळली. मागे कुणी नव्हतं.

बकेट हवेतच थांबली होती. दादाने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू वाजवलीस?"

मी दोन्ही हात वर केले. एका हातात झेंडी. दुसरा रिकामा.

"कुठून आली?"

"खालून," मी म्हणालो. खरं तर मला माहीत नव्हतं. पण वरून आली नव्हती एवढं नक्की.

कॅप्टनने भोंगा वाजवला. सगळं बंद. शंभर माणसं श्वास रोखून उभी.

काही नाही.

"आम्ही कुणी ऐकली नाही," कॅप्टन म्हणाला. "पुढे चला."

मशीन चालू झालं. दादाने बकेट पुन्हा तिथेच आणली. मुद्दाम. अगदी हळू. दात मातीपासून हातभर वर...

टुर्र... स्स.

या वेळी जोरात. जवळून. वहिनी वैतागली की वाजवायची तशी. किती वेळा सांगायचं, बस म्हणजे बस.

दादाने इंजिन बंद केलं आणि उडी मारली. कॅप्टनला विचारलंही नाही. फावडं घेतलं. मीही घेतलं. पथकातले चौघं आले. आम्ही खणायला लागलो.

तीन फुटांवर पत्रा लागला. केशरी पत्रा. डंपरच्या केबिनचं छत.

छत एका बाजूने चेपलं होतं. खिडकीच्या फटीतून एक हात दिसला. मातीने माखलेला.

त्याची बोटं हलली.

बकेट आणखी एकदा खाली गेली असती, तर पाचही दात त्या छतातून आरपार गेले असते. हे सांगायला कुणी लागलं नाही. सगळ्यांना दिसत होतं.

दोन तासांनी मास्तर बाहेर आला. एक पाय मोडला होता, ओठ काळे पडले होते. पण जिवंत होता. स्ट्रेचरवर ठेवताना त्याने दादाचा शर्ट धरला.

"ताई कुठेत?"

दादाने ढिगाऱ्याकडे बघितलं.

"बाहेर आल्या ना त्या? रात्रभर वाजवत होत्या. मला झोप लागायला लागली की शिट्टी. डोळा मिटला की शिट्टी. मी म्हटलं, ताई, झोपू द्या ना थोडं... तर आणखी जोरात."

"कुठून?" दादाने विचारलं. "कुठल्या बाजूने वाजवत होती?"

मास्तर त्याच्याकडे बघत राहिला.

"कानाशीच होत्या की."

त्या मिनिटाला काय झालं माहीत आहे? आनंद झाला. हो, आनंद. वहिनी जिवंत आहे! शिट्टी वाजवतेय म्हणजे श्वास आहे. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. दादा मशीनवर चढला तो लहान मुलासारखा हसत चढला.

डंपरच्या चारी बाजू आम्ही संध्याकाळपर्यंत मोकळ्या केल्या.

वहिनी तिथे नव्हती.

आणि शिट्टीही परत वाजली नाही.

अंधार पडल्यावर पथकाने पाळी बदलली. दादा पोकलेनच्या चेनवर बसला होता. मी डबा नेला. त्याने तो बाजूला ठेवला, जॅकेटच्या खिशात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली.

तळहातावर वहिनीची शिट्टी होती. दोरी तुटलेली.

मला आधी काहीच कळलं नाही.

"परवा संध्याकाळी दोरी तुटली," दादा म्हणाला. "मी म्हटलं, बांधून देतो. खिशात टाकली आणि विसरलो. काल सकाळी मागितली तिने. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब, डिझेल भरू दे. म्हणाली, असू दे, तोंड आहे मला. आणि गेली."

"मग..."

"हं."

"मग दादा, वाजवलं कुणी?"

त्याने मूठ मिटली.

"तिनेच," तो म्हणाला. "तिची शिट्टी मला ओळखू येत नाही का रे?"

मग तो अगदी हळू बोलला. "शिट्टी असती तिच्याकडे तर... डोंगर हलताना तिने लांब वाजवली असती. मास्तर पळाला असता. तीही पळाली असती."

मी म्हणालो, तसं नसतं दादा, चार सेकंदांत झालं सगळं. त्याने ऐकलं नाही.

गुरुवारी तो मशीनवरून उतरलाच नाही. केबिनचा एसी बंद केला. दार काढून टाकलं. पुढची काच वर सरकवून ठेवली. धूळ, धूर सगळं आत. मी म्हणालो, दादा, डोळे जातील. तो म्हणाला, "डोळे कशाला हवेत? वाजेल बघ. आपल्याला फक्त ऐकायचंय."

आणि मग आम्ही ऐकायला लागलो.

ज्याने कधी असं ऐकलं असेल त्यालाच कळेल. कान इतके ताणले की सगळ्यातून तोच आवाज यायला लागतो. डोझरच्या कोरड्या चेनची किरकिर... शिट्टी. डंपरच्या ब्रेकमधून सुटलेली हवा... शिट्टी. झाडावरचा पक्षी... शिट्टी. मी झेंडी वर करायचो. दादा थांबायचा. भोंगा वाजायचा. सगळं बंद.

काही नाही.

शनिवारपर्यंत असं अकरा वेळा झालं. मी मोजलंय. अकरा.

लोक थकले होते. आधी हळहळायचे, आता एकमेकांकडे बघायला लागले. कुत्रा आणला होता पथकाने, माग काढणारा. तो ढिगाऱ्यावरून दोनदा फिरला आणि शेपूट पाडून बसला. त्याला सांभाळणाऱ्याने माझ्याकडे न बघता पट्टा गुंडाळला.

त्यात वरच्या कड्याला चीर दिसली. शनिवारी बोटभर होती, रविवारी सकाळी हात जाईल एवढी झाली.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "तुझं दुःख मला कळतं. पण दर वेळी दहा मिनिटं जातात. वरचं सगळं परत खाली आलं तर आणखी वीस माणसं जातील. संध्याकाळपर्यंत आपल्याला इथून निघायचंय."

कॅप्टनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता कान नको, डोळे वापर," तो म्हणाला. "काही दिसलं तरच झेंडी वर कर."

मी मान हलवली.

रविवार. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं.

काम आता खाली सरकलं होतं. जिथे डंपर सापडला तिथून चाळीस-पन्नास फूट खाली, ओढ्यावरच्या पुलाजवळ. वरच्या बाजूला डोझर चालू होता, त्याच्या चेनचा आवाज डोक्यात घुसत होता. दादा सहा दिवसांचा जागा. त्याचा हात लिव्हरवर होता, पण बकेट पूर्वीसारखी चालत नव्हती. जड पडत होती.

त्याने बकेट वळवली. खाली आणायला लागला.

आणि...

टुर्र...

बारीक. लांबून आल्यासारखी. डोझरच्या किरकिरीत जवळजवळ बुडालेली.

मी थबकलो.

... स्स.

माझा हात कोपरापर्यंत वर गेला.

मी दादाकडे बघितलं. तो बकेटकडे बघत होता. त्याने काही ऐकलेलं दिसलं नाही. मी कॅप्टनकडे बघितलं. तो वर चिरेकडे बघत होता. साहेब घड्याळाकडे.

मला वाटलं, बारावी वेळ.

मला वाटलं, चेन असेल.

मी हात खाली घेतला.

बकेट मातीत गेली.

पुढचं मी जास्त सांगणार नाही. बकेट वर आली तेव्हा मातीबरोबर एक केशरी जॅकेट होतं. त्यावरची पांढरी चकाकती पट्टी उन्हात चमकली. दादाने ती माझ्या आधी बघितली. त्याने बकेट खाली ठेवली. इतकी हळू, इतकी हळू ठेवली की मातीचा एक कण सांडला नाही. वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसांनी मला नंतर सांगितलं, असा हात आम्ही कधी बघितला नाही.

मग त्याने इंजिन बंद केलं.

तो बराच वेळ केबिनमध्येच बसून राहिला. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. डोझरवाल्यानेही डोझर बंद केला. पथकातली माणसं काम करत होती, पण आवाज न करता.

शेवटी तो उतरला. माझ्याजवळ आला. त्याच्या तोंडावर धुळीचा थर होता आणि त्यात डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा.

"वाजली नाही ना रे?"

मी हातातली झेंडी गुंडाळायला लागलो.

"शिट्टी," तो म्हणाला. "मला नाही ऐकू आली. तुला आली का? वाजली नाही ना?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"नाही दादा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, त्या मंगळवारीच, पहिल्या मिनिटातच. मानेला मार. तिला कळलंही नसेल. म्हणजे बुधवारी अकरा वाजता तिला जाऊन अठ्ठावीस तास झाले होते. गळ्यात शिट्टी नव्हती, हातात नव्हती. जॅकेटच्या खिशात एक रुमाल आणि खोलीची किल्ली. बस, एवढंच.

मग मास्तरच्या कानाशी रात्रभर कोण होतं?

मास्तर आज कुबडी घेऊन चालतो. त्याला विचारलं की तो एकच सांगतो, "ताई होत्या." पुढे काही बोलत नाही.

वरचा कडा त्याच रविवारी संध्याकाळी सात वाजता खाली आला. तोपर्यंत आम्ही सगळे निघालो होतो. साहेबांचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. कॅप्टनचंही नाही.

दादाने परत कधी मशीन चालवलं नाही. आता तो मशीनच्या यार्डात असतो. दुरुस्तीला आलेली मशीनं धुतो, ग्रीस मारतो. चालू कुठलंच करत नाही. एकटाच राहतो. मी किती वेळा म्हटलं, माझ्याकडे ये. येत नाही.

तीन वर्षं झाली. दादाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे.

"रुसली ती," तो म्हणतो. "दोरी बांधून दिली नाही ना मी. परक्या माणसासाठी रात्रभर वाजवली. माझ्यासाठी मात्र एकदाही नाही."

तो हे म्हणतो आणि मी समोर बसून ऐकतो.

मी रोज विचार करतो. मी हात वर केला असता तर? ती परत आली नसती, हे मला कळतं. पण दादा खाली उतरला असता. हातांनी माती काढली असती. ती त्याला अख्खी मिळाली असती. तिच्या अंगाला त्याच्याच बकेटचा दात लागला नसता.

कदाचित ती एवढंच सांगत होती. तुम्ही नको. तुमच्या हाताने नको. बस.

की ती खरंच डोझरची चेन होती? स्वतःला समजवायचा मी खूप प्रयत्न केला. पण चेन शेवटी स्स करत नाही हो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. दादा असली पानं वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. वाचणाऱ्यांत त्याला ओळखणारं कुणी असेल तर हात जोडतो... त्याला सांगू नका. की सांगावं? मला खरंच कळत नाही.

गेल्या महिन्यात मी यार्डात गेलो होतो. दुपारची वेळ. जेवायची सुट्टी. बाकीचे कामगार बाहेर गेले होते. आम्ही दोघं एका बंद पडलेल्या डोझरच्या चेनवर बसून डबा खाल्ला.

मग दादा म्हणाला, "तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"म्हणजे?"

"मास्तरच्या वेळी. पहिल्यांदा तुझी मान वळली. मग मला ऐकू आली. मी केबिनमधून बघितलं होतं."

मी डब्यातली उरलेली शितं गोळा करत राहिलो.

"म्हणजे त्या रविवारी वाजली असती, तर तुला आली असती," तो म्हणाला. "डोझर कितीही ओरडत असता तरी तुला आली असती. हो ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तो मला काही कबूल करायला लावत नव्हता. त्याला फक्त खात्री हवी होती. तीन वर्षं त्याने जे दुःख उराशी धरलंय ते खरं आहे, एवढीच खात्री.

मी डब्याचं झाकण लावलं. नीट बसलं नाही. परत लावलं.

"हो," मी म्हणालो.

दादाने मान हलवली.

यार्डातली सगळी मशीनं बंद होती. रस्त्यावरही त्या वेळी काही नव्हतं. इतकं शांत होतं की... वाजली असती तर आम्हा दोघांनाही ऐकू आली असती.

मी बराच वेळ वाट बघितली.